वाढत्या चेतापेशीतलं विकर कोण चालवतं? अंड्यापासून सुरुवात करणाऱ्यांसाठी

माझा एम.एस्सी.चा प्रकल्प होता कोंबडीच्या भ्रूणाच्या मेंदूवर. पाचव्या दिवसापासून तेराव्या दिवसापर्यंत ॲसिटिलकोलिनएस्टरेज या विकराची (एन्झाइमची) क्रियाशीलता मोजायची, एवढंच काम. आलेख सुरेख चढत गेला. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी तो पाहिला आणि विचारलं, "वाढलं म्हणजे काय वाढलं?"

"ॲक्टिव्हिटी, सर."

"ती दिसतेय. पण विकर जास्त झालं, की होतं तेच जोरात चाललं?"

मला उत्तर देता आलं नाही. संध्याकाळी हर्णैच्या बंदरावर लिलाव बघत उभा होतो तेव्हा प्रश्नाचा अर्थ डोक्यात शिरला. आज मासळी दुप्पट उतरली. का? होड्या जास्त गेल्या? होड्या तेवढ्याच, पण जाळ्यात जास्त आलं? की काल तांडेलच (होडी चालवणारा प्रमुख) नव्हता म्हणून निम्म्या होड्या किनाऱ्यावर पडून होत्या? लिलावातल्या पाट्या मोजून यातलं काहीच कळत नाही. पाट्यांचा आकडा म्हणजे आपली क्रियाशीलता. होड्या किती, हे विकराचे रेणू किती यासारखं आहे. तांडेल, डिझेल, वारा आणि बंदी ही सगळी नियंत्रणं.

आता मी कोकणातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो, आणि दर वर्षी एखादा विद्यार्थी तसाच चढता आलेख घेऊन येतो. त्याच्यासाठी, आणि अशाच छोट्या प्रयोगशाळांतून काम करणाऱ्या मास्तरांसाठी हे लिहितोय. यातला जवळजवळ सगळा भाग साध्या उपकरणांवर होतो. जिथे होत नाही तिथे तसं सांगेन.

विकर कुठलं घ्यायचं

सुरुवात ॲसिटिलकोलिनएस्टरेजनेच करा. दोन चेतापेशींच्या सांध्यात सुटलेलं ॲसिटिलकोलिन तोडणं हे त्याचं ओळखीचं काम. पण भ्रूणात हे विकर सांधे तयार होण्याच्या आधीच दिसू लागतं. पेशीने विभागणं थांबवलं आणि ती चेतापेशी व्हायला निघाली की थोड्याच वेळात तिच्यात हे विकर सापडतं. म्हणजे पेशीच्या वाढीचा तो एक चांगला खुणेचा दगड आहे. शिवाय ते मोजायची पद्धत स्वस्त आहे, पिवळा रंग डोळ्यांना दिसतो, आणि आपल्याकडे आंबा-काजूच्या बागांत जी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधं फवारली जातात ती नेमकं हेच विकर बंद पाडतात. त्यामुळे विषय घरच्यांना समजावून सांगता येतो, हाही फायदाच.

पहिली पायरी: अंडी

सगळ्यात जास्त प्रकल्प इथेच बिघडतात, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

दुकानातलं अंडं चालत नाही, ते फळलेलं नसतं. हॅचरीतून आणा, किंवा ज्या घरी कोंबड्यांत कोंबडा फिरतो तिथून गावठी अंडी घ्या. आमच्याकडे कोंबडी रवणीला बसवताना घरातली आजी अंडी निवडते, तिला विचारा. फार लांबट, फार गोल, पातळ कवचाचं ती बाजूला काढते. तिची निवड बहुतेक वेळा बरोबर असते.

आता कोकणाची खास अडचण. गर्भ थंडीत झोपलेला असतो आणि साधारण २१ अंशांच्या वर गेलं की कूर्मगतीने का होईना, पण वाढायला लागतो. आपल्या किनाऱ्यावर घरातलं तापमान वर्षातले बहुतेक दिवस त्याच्या वरच असतं. म्हणजे सोमवारी घातलेलं आणि शनिवारी घातलेलं अंडं तुम्ही रविवारी एकत्र उबवणीला लावलंत, तरी दोघांची सुरुवात एक नसते. यावर उपाय दोन. अंडी गोळा होतील तशी १५ ते १८ अंशांच्या जागेत टोक खाली करून ठेवा, आठवड्याच्या आत लावा. फ्रीजचा भाजीचा कप्पा बहुतेक यापेक्षा थंड असतो, तेव्हा आधी थर्मामीटर ठेवून बघा. दुसरा उपाय जास्त महत्त्वाचा: "पाचवा दिवस" असं लिहू नका, भ्रूणाची अवस्था लिहा. व्हिक्टर हॅम्बर्गर आणि हॉवर्ड हॅमिल्टन यांनी १९५१ मध्ये कोंबडीच्या भ्रूणाच्या ४६ अवस्था ठरवून दिल्या. पाय-पंखांच्या कोंबांचा आकार, बोटांच्या खाचा, डोळ्यातला रंग, पिसांचे अंकुर यांवरून अवस्था ठरते. सहा दिवसांच्या आसपास २९ वी, दहा दिवसांच्या आसपास ३६ वी. दिवस आणि अवस्था जुळत नसतील तर अवस्थेवर विश्वास ठेवा.

उबवणयंत्रात तापमान ३७.५ ते ३८ अंश, आर्द्रता ५५ ते ६० टक्के, आणि अंडी दिवसातून तीन-चार वेळा फिरवायची. पावसाळ्यात आर्द्रता आपोआपच जास्त होते, तेव्हा यंत्रातलं पाणी काढून टाका आणि झडपा उघड्या ठेवा. वीज जाणार हे गृहीत धरा. इन्व्हर्टर नसेल तर यंत्राभोवती गोधडी आणि आत गरम पाण्याच्या बाटल्या. तास-दीड तास निभतं. किती वाजता गेली, किती वाजता आली हे वहीत लिहा. मी हा सगळा खटाटोप दिवाळीनंतर ते डिसेंबरअखेर करतो. भाद्रपदात अंडी लावली की आठवा दिवस नेमका गणपतीत येतो, कॉलेजला कुलूप, चावी शिपायाकडे, आणि शिपाई गावी.

चौथ्या-पाचव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत मोबाइलच्या टॉर्चवर अंडं धरून बघा. लाल शिरांचं कोळ्याचं जाळं दिसलं तर ठीक. नुसतं पिवळं पारदर्शक दिसलं तर बाहेर काढा, नाहीतर यंत्रात फुटून वास सुटतो.

कॉलेजच्या नैतिक समितीची लेखी परवानगी अंडी आणण्याआधी हातात हवी. आम्ही तेराव्या दिवसाच्या पुढे जात नाही आणि प्रत्येक अंडं बर्फात पूर्ण थंड करूनच उघडतो. कुणी सांगितलं म्हणून नाही, पुढच्या दिवसांत मला स्वतःला ते करवत नाही.

साधनं कमी आहेत म्हणून कुणी हिरमुसू नये. रिटा लेवी-मोंताल्चिनी यांना १९३८ च्या वंशभेदी कायद्यांमुळे इटलीत विद्यापीठाचं दार बंद झालं, तेव्हा त्यांनी तुरीनमधल्या घरी झोपायच्या खोलीत प्रयोगशाळा मांडली. शेतकऱ्यांकडची अंडी आणि घासून धारदार केलेल्या शिवणाच्या सुया, एवढ्यावर त्या भ्रूणाच्या चेतापेशी बघत राहिल्या. तिथून सुरू झालेली वाट पुढे चेतावृद्धी घटकापर्यंत गेली आणि १९८६ मध्ये स्टॅन्ली कोहेन यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं. या घटकाकडे आपण पुढे परत येणार आहोत.

दुसरी पायरी: रसायनं

पद्धत एलमन आणि सहकाऱ्यांची, १९६१ ची. विकर ॲसिटिलथायोकोलिन (आपला सबस्ट्रेट, म्हणजे विकर ज्यावर काम करतं तो पदार्थ) तोडतं, थायोकोलिन सुटतं, ते डीटीएनबी या रसायनाशी जुळून पिवळा रंग देतं, आणि तो ४१२ नॅनोमीटरवर मोजायचा.

फॉस्फेट बफर, ०.१ मोलर, पीएच ८.०. डीटीएनबी ३९.६ मिलिग्रॅम, पीएच ७.० च्या १० मिलि फॉस्फेट बफरमध्ये, त्यात १५ मिलिग्रॅम खायचा सोडा, म्हणजे ०.०१ मोलर झालं. ॲसिटिलथायोकोलिन आयोडाइड २१.७ मिलिग्रॅम दर मिलि पाण्यात, म्हणजे ०.०७५ मोलर. शेवटचं शक्यतो रोज ताजं करा. आपल्या दमट हवेत त्याची बाटली उघडी राहिली की पावडर चिकट होते आणि वजनच चुकतं. बाटली फ्रीजमधून काढल्यावर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय झाकण उघडू नका.

तिसरी पायरी: मेंदू काढणं आणि वाटणं

बर्फ लागतो, भरपूर. आमच्या विभागाचं बर्फाचं यंत्र बंद पडलं ते पडलंच, त्यामुळे आम्ही बंदरावरून लादी आणतो आणि गोणपाटात फोडतो. मासळीबंदीच्या काळात, १ जून ते ३१ जुलै, आमचा बर्फवाला सापडेलच असं नाही. हिवाळ्यात प्रयोग लावायचं हे आणखी एक कारण. लादीचा बर्फ फक्त भांड्याच्या बाहेरून लावायचा, त्याचा थेंबही नमुन्यात जाता कामा नये.

लहान भ्रूणांत चार-पाच मेंदू एकत्र करावे लागतात. आठव्या दिवसापासून पुढे संपूर्ण मेंदूऐवजी नुसते दृष्टिखंड घेता आले तर घ्या. मागच्या बाजूचे हे दोन फुगीर गोळे सहज ओळखू येतात आणि दर वेळी तोच भाग घेतल्याने आकडे कमी हलतात. थंड सलाइनमध्ये धुवा, टिपकागदावर क्षणभर ठेवा, वजन करा, आणि दर मिलि थंड बफरला २० मिलिग्रॅम या हिशोबाने वाटा.

इथे निर्णय घ्यावा लागतो: वाटताना १ टक्का ट्रायटन एक्स-१०० (पेशींचे पडदे विरघळवणारा साबणासारखा पदार्थ) घालायचं की नाही? मी म्हणतो दोन्ही करा. पेशी फुटल्यावर पडद्याचे तुकडे पुन्हा मिटून बारीक पुड्या बनतात, आणि बरंचसं विकर त्या पुड्यांच्या आत अडकतं. ॲसिटिलथायोकोलिनवर विद्युतभार असल्याने ते पडदा ओलांडू शकत नाही. म्हणजे विकर आहे, धडधाकट आहे, पण कुलूपबंद आहे. ट्रायटनने कुलूप उघडतं. ट्रायटनसह आणि ट्रायटनशिवाय आलेल्या आकड्यांतला फरक म्हणजे लपलेलं विकर. वय वाढतं तसं ॲसिटिलकोलिनएस्टरेजचे चार-चार रेणू जुळून चौकडी होते आणि प्रिमा नावाच्या प्रथिनाच्या खुंटीने ती चेतापेशीच्या पडद्यावर बांधली जाते. हे जुळणं आणि बांधलं जाणं हीसुद्धा नियंत्रणाची एक तऱ्हा. नुसतं पाण्यातलं मोजलंत तर मोठ्या भ्रूणाचं निम्मं गाऱ्हाणं तुमच्या कानावरच येणार नाही.

प्रथिनासाठी थोडा नमुना ट्रायटन घालण्याआधी काढून ठेवा. ते ब्रॅडफर्ड पद्धतीत घोळ करतं, लोरी पद्धतीतही साका बसतो.

चौथी पायरी: मोजणी

क्युव्हेटमध्ये २.६ मिलि बफर, ०.४ मिलि वाटलेला नमुना, १०० मायक्रोलिटर डीटीएनबी. आता थांबा. ऊतीत स्वतःचे थायॉल गट असतात आणि ते आधीच रंग देतात. पाच ते दहा मिनिटांत तो रंग स्थिरावतो. मग २० मायक्रोलिटर सबस्ट्रेट घालून दर अर्ध्या मिनिटाला वाचन घ्या, पाच मिनिटं. रेषा सरळ हवी. वाकली तर नमुना पातळ करा.

तुलनेसाठी तीन नळ्या प्रत्येक वेळी. नमुन्याशिवाय (सबस्ट्रेट आपोआपही थोडा तुटतो). सबस्ट्रेटशिवाय. आणि कोलिनएस्टरेज बंद पाडणारं फायसोस्टिग्मिन १० मायक्रोमोलर घालून, कारण त्यानंतरही जो रंग वाढत राहतो तो कोलिनएस्टरेजचा नव्हे. फायसोस्टिग्मिन विषारी आहे, हातमोजे घाला आणि पिपेट तोंडाने ओढायची जुनी सवय असेल तर ती आजच सोडा.

तापमान बांधून ठेवा. डिसेंबरात सकाळी प्रयोगशाळा २४ अंशांवर असते आणि दुपारी पत्रा तापला की ३१ वर. सकाळी पाचव्या दिवसाचे आणि दुपारी तेराव्या दिवसाचे नमुने मोजलेत तर उन्हानेच तुमचा आलेख चढवला असं समजा. वॉटरबाथ लावा, नाहीतर निदान सगळ्या वयांचे नमुने मिसळत्या क्रमाने मोजा.

हिशोब एकदा हाताने करा. समजा वाचन मिनिटाला ०.०६० ने वाढलं, नमुन्याशिवायच्या नळीचं ०.००४ वजा, राहिले ०.०५६. याला १३,६०० ने भागा (पिवळ्या रंगाचा मोलर शोषणांक, म्हणजे एक मोलर द्रावणाचं वाचन किती येईल तो आकडा). मिनिटाला ४.१ मायक्रोमोलर. क्युव्हेटमधलं एकूण द्रव ३.१२ मिलि, म्हणजे १२.८ नॅनोमोल. त्यात ऊती होती ८ मिलिग्रॅम (०.४ मिलि गुणिले २०), म्हणजे दर मिलिग्रॅमला मिनिटाला १.६ नॅनोमोल. १३,६०० हा एलमन यांचा मूळ आकडा. नंतर तो दुरुस्त होऊन १४,१५० झाला. कुठलाही घ्या, पण शेवटपर्यंत तोच ठेवा आणि वहीत लिहा.

कॉलेजात स्पेक्ट्रोफोटोमीटर नसून ४२० चा फिल्टर लावलेला कलरीमीटर असेल तर यातला एकही आकडा वापरू नका. थायॉल गट असलेल्या सिस्टीनच्या ज्ञात द्रावणांना डीटीएनबी घालून स्वतःची प्रमाणरेषा काढा. अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण त्यानंतर तुमचा कलरीमीटर कुणापुढे मान खाली घालणार नाही.

शेवटी भागाकार कशाने करायचा? ओल्या वजनाने, प्रथिनाने, की डीएनएने? लहान भ्रूणाच्या मेंदूत पाणी जास्त आणि पेशी दाटीवाटीने असतात. पुढे पेशींना फाटे फुटतात, प्रथिन वाढतं. त्यामुळे एकच विकर ओल्या वजनामागे भरभर वाढताना दिसेल आणि प्रथिनामागे संथ. डीएनए मोजता आलं तर "दर पेशीमागे" असं म्हणता येतं, आणि नियंत्रणाबद्दल बोलायचं तर तेच सर्वांत उपयोगी. निदान दोन प्रकारे मांडा.

पाचवी पायरी: जुळ्या भावाला वेगळं काढा

एलमन पद्धतीत ब्युटिरिलकोलिनएस्टरेज हे भावंडही तोच पिवळा रंग देतं. प्रौढ मेंदूत हे दुर्लक्षिलं तरी चालून जातं, भ्रूणात नाही. कोंबडीच्या भ्रूणात विभागणाऱ्या, अजून काहीच न झालेल्या पेशींत ब्युटिरिल जास्त दिसतं, आणि विभागणं थांबवून चेतापेशी होऊ लागलेल्यांत ॲसिटिल. म्हणजे एक उतरत असतं तेव्हा दुसरं चढत असतं आणि तुमच्या क्युव्हेटमध्ये दोघांची बेरीज पडते. बेरीज स्थिर दिसली म्हणून "काहीच बदल नाही" असं लिहिणारा प्रकल्प मी पाहिलाय. आयसो-ओम्पा १०० मायक्रोमोलर घालून अर्धा तास ठेवा, म्हणजे ब्युटिरिल बंद पडतं, आणि उरतं ते ॲसिटिल. दोन्ही रेषा वेगळ्या काढा. खरी गोष्ट त्या दोन रेषांत आहे.

सहावी पायरी: कुणी वाढवलं ते शोधा

इथे आपण त्या सरांच्या प्रश्नाशी येतो. याला महागडं यंत्र लागतं असा समज आहे, पण सुरुवातीच्या तीन चाचण्या फुकट आहेत.

पहिली, मिसळण्याची. लहान भ्रूणाचा नमुना २० एकक देतो आणि मोठ्याचा ६०. दोघांचं समसमान मिश्रण केलं तर ४० यायला हवं. २५ आलं तर लहान भ्रूणात काहीतरी रोधक आहे, जो मोठ्याच्याही विकराला दाबतोय. ५५ आलं तर मोठ्यात काहीतरी उत्तेजक आहे, जो लहानाच्या झोपलेल्या विकराला उठवतोय. नेमकं ४० आलं, तर सहज विरघळून फिरणारा असा कुणी मध्यस्थ नाही. दोन परीक्षानळ्या आणि दहा मिनिटं. माझ्या प्रकल्पात मी ही केली असती तर त्या दिवशी सरांपुढे निदान अर्धं उत्तर असतं.

दुसरी, सबस्ट्रेट कमी-जास्त करून केएम (निम्मा वेग येतो ते सबस्ट्रेटचं प्रमाण) आणि व्हीमॅक्स (विकराचा कमाल वेग) काढण्याची. क्युव्हेटमधलं अंतिम प्रमाण ०.०५ पासून ०.५ मिलिमोलरपर्यंत पाच-सहा पायऱ्यांत न्या. फार वर जाऊ नका, जास्त सबस्ट्रेटने ॲसिटिलकोलिनएस्टरेज उलट मंदावतं (ब्युटिरिल मंदावत नाही, ओळख पटवायला हेही कामी येतं). केएम तोच आणि व्हीमॅक्स वाढला, तर रेणूंची संख्या वाढली असण्याचा संभव मोठा. पण सिद्ध झालं असं म्हणू नका, प्रत्येक रेणूचा वेग वाढूनही असंच दिसू शकतं. केएम बदलला तर रेणूचा स्वभाव बदललाय किंवा नमुन्यात दोन विकरं आहेत. पाचवी पायरी नीट केलीत का, ते आधी बघा.

तिसरी, उष्णतेची. दोन्ही वयांचे नमुने ५० अंशांवर ठेवून दर काही मिनिटांनी थोडं काढून मोजा. विझण्याच्या रेषा एकमेकींवर पडल्या तर दोन्ही वयांत बहुधा एकाच घडणीचा रेणू आहे. एक भरभर विझली तर घडण, जोडणी किंवा पडद्याशी असलेलं नातं वेगळं आहे.

यापुढचं मोठ्या प्रयोगशाळेत. वेस्टर्न ब्लॉटने प्रथिन किती ते कळतं, आरटी-पीसीआरने एमआरएनए किती ते. हे तिन्ही आकडे, म्हणजे एमआरएनए, प्रथिन आणि क्रियाशीलता, शेजारी ठेवले की कुठली किल्ली फिरली ते दिसतं, आणि ते नेहमीच सरळ नसतं. स्नायूपेशी वाढताना ॲसिटिलकोलिनएस्टरेजचा एमआरएनए वाढतो तो मुख्यतः जनुक जास्त वाचलं गेल्याने नव्हे, तर तयार झालेला एमआरएनए जास्त काळ टिकल्याने. आणि कोंबडीच्या स्नायूपेशींतच असंही दिसलंय की नव्याने बनलेल्या विकराचा मोठा भाग कधी कामालाच लागत नाही, पेशीच्या आतच मोडीत निघतो. म्हणजे होड्या बांधल्या, पण पाण्यात उतरायच्या आधीच फोडल्या. प्रथिन भरपूर आणि क्रियाशीलता कमी असं आलं तर प्रयोग चुकला असं घाईने समजू नका.

दुसरी विकरं, दुसऱ्या किल्ल्या

ॲसिटिलकोलिनएस्टरेजवर हात बसला की विद्यार्थ्यांना वाटतं सगळी विकरं अशीच संख्येने वाढतात. तसं नाही, आणि विकसनशील चेतापेशीत तर वेगवेगळ्या किल्ल्यांचं प्रदर्शनच भरलेलं असतं.

टायरोसिन हायड्रॉक्सिलेज घ्या. डोपामाइन आणि नॉरॲड्रेनॅलिन बनवण्याच्या साखळीतली सगळ्यात अरुंद खिंड. त्याला लोह लागतं, टेट्राहायड्रोबायोप्टेरिन हा सहघटक लागतो, आणि तयार झालेलं डोपामाइनच परत येऊन त्याला दाबतं. गोदाम भरलं की कारखाना मंद. मग विकराच्या साखळीतल्या ४० व्या जागच्या सेरिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट बसलं की डोपामाइनची ही पकड सुटते आणि विकर क्षणात जोरात चालू लागतं, एकही नवा रेणू न बनता. ही सेकंद-मिनिटांची किल्ली. दुसरीकडे तोच चेतावृद्धी घटक, लेवी-मोंताल्चिनींचा, सिंपथेटिक गंडिकांत (चेतापेशींच्या गाठींत) या विकराची मात्राच वाढवतो, हे १९७१ मध्ये दाखवलं गेलं. ही तास-दिवसांची किल्ली. एकाच विकराला दोन्ही आहेत. म्हणून तुम्ही नमुना किती वेळाने घेतलात याला इतकं महत्त्व आहे, आणि वाटताना फॉस्फेटेज रोधक (सोडियम फ्लोराइड तरी) घातलं नाही तर बर्फ आणायला गेलेल्या पंधरा मिनिटांत फॉस्फेट गळून पडलेले असतात.

सीडीके-५ या विकराची तऱ्हा आणखी निराळी. चेतापेशींना मेंदूच्या थरांत आपापल्या जागी पोचवण्यात त्याचा मोठा हात आहे. ते नसलेल्या उंदरांत मेंदूच्या बाह्यकाचे (कॉर्टेक्सचे) थर उलटेपालटे होतात आणि पिल्लं जन्माच्या आसपासच मरतात. हे विकर एकटं असताना जवळजवळ निष्क्रिय. पी-३५ नावाचा जोडीदार आला की चालू. पी-३५ लवकर मोडतं, त्यामुळे कामही बेताने होतं. पण कॅल्शियम वाढून कॅल्पेन या प्रथिनं तोडणाऱ्या विकराने पी-३५ चा तुकडा पाडला की उरलेलं पी-२५ बराच काळ टिकतं आणि विकर आवरेनासं होतं. इथे विकराचं प्रमाण मोजून काहीच कळणार नाही, तांडेल मोजायला हवा.

आणि ग्लुटामेट डिकार्बॉक्सिलेज, जे गाबा हा चेतापेशींना शांत करणारा संदेशवाहक बनवतं. याला ब-६ जीवनसत्त्वापासून बनणारं पायरिडॉक्सल फॉस्फेट लागतं. त्याचा ६५ नंबरचा प्रकार बराचसा सहघटकाविना, रिकामा बसून असतो आणि गरज पडली की सहघटक घेऊन कामाला लागतो. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत एका डबाबंद बालआहारात ब-६ कमी पडलं आणि तान्ह्या मुलांना झटके येऊ लागले. ब-६ दिल्यावर थांबले. प्रयोगात हे तपासायला सोपं आहे: एका नळीत पायरिडॉक्सल फॉस्फेट घालून मोजा, एकीत न घालता. फरक म्हणजे रिकाम्या होड्या.

फवारणीच्या बाटलीबद्दल

हे वेगळं सांगावंच लागतं. आपल्याकडे मोहोर आला की तुडतुड्यांसाठी फवारणी सुरू होते आणि कुणाच्या ना कुणाच्या घरी बाटली असते. एका वर्षी एका मुलाने परस्पर ती बाटली आणली, थेंब क्युव्हेटमध्ये टाकला, आणि विकर तसंच चालू राहिलं. तो म्हणाला, "सर, औषध बनावट आहे." बनावट नव्हतं. क्लोरपायरिफॉससारखी औषधं बाटलीत असतात त्या रूपात विकराला फारशी बाधत नाहीत. शरीरात, मुख्यतः यकृतात, त्यांच्यातल्या गंधकाच्या जागी ऑक्सिजन बसतो आणि मग ती घातक होतात. क्युव्हेटला यकृत नसतं. बाटलीत विकर सोडून इतर दहा गोष्टी बिघडवणारे साबण असतात ते वेगळंच. प्रयोगशाळेत ती बाटली आणूच नका.

पण यात एक शिकण्यासारखं आहे. ऑर्गॅनोफॉस्फेट विकराला घट्ट धरतं, आणि काही काळाने ती पकड कायमची होते. मग पेशीला नवं विकर बनवण्यावाचून गत्यंतर नसतं. कार्बामेट गटातली औषधं मात्र आपणहून सुटतात. नमुना पातळ केला, थोडा वेळ ठेवला, की क्रियाशीलता परत येते. म्हणजे कार्बामेटने दबलेला मेंदू तुम्ही नीट वाटून, पातळ करून, अर्ध्या तासाने मोजलात तर तो ठणठणीत दिसेल. रोधाचा अभ्यास करायचा तर कमीत कमी पातळ करा आणि लगेच मोजा.

दोन अंडी राखून ठेवा

प्रत्येक खेपेतली दोन अंडी फोडू नका. यंत्रात तशीच राहू द्यात, अठराव्या दिवसानंतर फिरवणं थांबवा. एकविसाव्या दिवशी पिल्लं बाहेर आली तर तुमचं यंत्र खरं बोलत होतं. तेविसाव्या दिवशी आली तर ते सगळे दिवस थंड होतं, आणि तुम्ही "दहावा दिवस" म्हणून मोजलेला मेंदू खरं तर नवव्याचा. आलेख पुन्हा काढा, अवस्था लिहिल्या असतील तर फारसं बिघडत नाही. पिल्लं ज्यांच्या घरून अंडी आणली त्यांना परत द्या. आमच्याकडची गेल्या खेपेची दोन्ही कोंबडे निघाले.